परसदाराची किल्ली

घरांतील घड्याळ बंद पडलें तर आपण तें घड्याळजीकडे पाठवितों आणि निश्चिंत होतों. कारण घड्याळाच्या पोटांत आपण कांहीं ठेविलेलें नसतें. संगणकाची गोष्ट तशी नाहीं. तो बंद पडला म्हणजे त्याच्या पोटांतील पत्रें, छायाचित्रें, हिशेब, मुलांचे अभ्यास, सगळें एकदम दृष्टीआड होतें. आणि जें दृष्टीआड झालें तें नष्टच झालें, असें मन घाईनें ठरवून टाकतें. पुष्कळ वेळां खरा घात यंत्राच्या बिघाडानें होत नाहीं, ह्या घाईनें होतो. सुरू न होणारा संगणक मोडलेलाच असतो असें नाहीं. कित्येकदां त्याचें पुढचें दार तेवढें अडकलेलें असतें. अशा वेळीं परसदारानें आंत शिरावयाची एक किल्ली असते. ती कोणती, ती कशी वापरावी, आणि ती हातीं असतांना काय करूं नये, हें ह्या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त आमच्याच घरचें आहे. आमचे वडील बंधु अण्णा हे नोकरींतून निवृत्त झाल्यापासून सात वर्षें आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत जमवीत आहेत. कोंकणांतील मूळ गांवचे दाखले, सांगली, नागपूर, इंदूर व बडोदें येथील शाखांचीं पत्रें, मोडी कागदांचीं छायाचित्रें, असा मोठा संग्रह त्यांनीं केला आहे. जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचींच नांवें आढळतात. घरांत आलेल्या व घरांतून गेलेल्या प्रत्येक स्त्रीचें माहेरचें व सासरचें नांव लिहावयाचेंच, असा अण्णांचा आग्रह. हीं नांवें त्यांनीं घरोघर जाऊन वृद्ध आत्या, काकू व मावश्या ह्यांच्या तोंडून मिळविलीं. त्यांपैकीं दोघी आतां हयात नाहींत. एवढें सगळें धन एका संगणकांत होतें, आणि दुसरी प्रत कोठेंच नव्हती! ‘एकदां सवडीनें सर्व उतरवून ठेवूं’ असें ते म्हणत. आणि ती सवड सात वर्षांत आली नाहीं. हा दोष एकट्या अण्णांचा आहे असें म्हणण्याचें धैर्य आमच्यांत नाहीं. आमच्या वाचकांपैकींहि थोड्यांनाच तें होईल.

गेल्या वैशाखांत एका संध्याकाळीं वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. त्याच वेळीं संगणकाच्या प्रणालींत नवे बदल भरण्याचें काम चाललें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं काळ्या पडद्यावर एकच इंग्रजी ओळ उमटली. सुरू होण्याजोगें साधन सांपडत नाहीं, असा तिचा अर्थ. दुपारीं अण्णांनीं यंत्र जवळच्या एका दुकानांत नेलें. तेथील गृहस्थांनीं दोन मिनिटें पाहून सांगितलें, “फॉर्मॅट मारावा लागेल. मशीन नव्यासारखें होईल, पण आंतलें कांहीं राहणार नाहीं.” अण्णा यंत्र तसेंच परत घेऊन आले व झोपाळ्यावर जाऊन बसले. चहाहि त्यांनीं घेतला नाहीं.

सूनबाई कचेरींतून आली तेव्हां तिला ही हकीकत समजली. ती म्हणाली, “अण्णा, आजची रात्र मला द्या. दुकानदार सांगतो तें उद्यांहि करतां येईल. पण एकदां तें केलें कीं मागें फिरतां यावयाचें नाहीं.”

ह्या एका वाक्यांत साऱ्या विषयाचें सार आलें आहे. कुलूप बिघडलें म्हणून कोणी वाडा पाडीत नाहीं. प्रथम मागच्या दारानें आंत जाऊन कागदपत्रांची पेटी बाहेर काढावी, मग कुलपाकडे पाहावें. परंतु हें समजण्यासाठीं संगणक सुरू कसा होतो, तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

संगणकाची कळ दाबतांच विंडोज वगैरे प्रणाली एकदम जागी होत नाहीं. यंत्राच्या मुख्य फळ्यावर एका चिपेंत एक लहानशी मूळ आज्ञावली कायमची भरलेली असते. जुन्या यंत्रांत तिला बायॉस म्हणत, नव्या यंत्रांत तिची जागा यूईएफआय नांवाच्या आज्ञावलीनें घेतली आहे. ती प्रथम स्मृति, कळफलक वगैरे जागेवर आहेत कीं नाहींत तें पाहते. नंतर नेमून दिलेल्या क्रमानें ‘पुढची आज्ञा कोठें मिळेल’ ह्याचा शोध करते. हार्ड डिस्कवर एका लहान राखीव कप्प्यांत ती आज्ञा लिहिलेली असते. ती सांपडली म्हणजे तिच्या आधारें मोठी प्रणाली स्मृतींत येते व आपला नेहमींचा पडदा उजळतो. ह्या साखळीस इंग्रजींत ‘बूट होणें’ म्हणतात. बुटाच्या मागची पट्टी धरून स्वतःच स्वतःला वर उचलावें, अशी त्या शब्दामागची मूळ कल्पना आहे.

आतां लक्षांत येईल कीं, राखीव कप्प्यांतील चार ओळी बिघडल्या तर साखळी तेथेंच तुटते. शेजारच्या मोठ्या कप्प्यांतील पत्रें व छायाचित्रें जशींच्या तशीं असतात. त्यांच्यापर्यंत पोंचण्याची वाट तेवढी नाहींशी होते. आणि मूळ आज्ञावली ज्या क्रमानें शोध करते तो क्रम आपल्याला बदलतां येतो, येथेंच उपायाचें बीज आहे. हार्ड डिस्ककडे जाण्यापूर्वीं ‘ही तबकडी पाहा’ किंवा ‘हा पेनड्राइव्ह पाहा’ असें तिला सांगितलें, आणि त्यावर एक संपूर्ण स्वतंत्र प्रणाली तयार असली, तर संगणक त्या प्रणालीवर चालूं लागतो. घरची हार्ड डिस्क मग केवळ एका कपाटासारखी समोर उभी राहते. हीच ती परसदाराची किल्ली. तिला रिकव्हरी डिस्क किंवा रेस्क्यू डिस्क म्हणतात.

पूर्वीं हें काम १.४४ एमबीच्या फ्लॉपीवरून होत असे. तींत मावणार तें किती! १९९५ सालीं फीनिक्स टेक्नॉलॉजीज व आयबीएम ह्या कंपन्यांनीं सीडीवरून संगणक सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ नांवाची रीत ठरवून दिली, आणि ७०० एमबीचें क्षेत्र मोकळें झालें. २००० सालीं क्लाउस क्नॉपर ह्या जर्मन अभियंत्यानें ‘नॉपिक्स’ नांवाची लिनक्स प्रणालीची तबकडी प्रसिद्ध केली. यंत्रावर कांहीं न बसवितां सगळी प्रणाली तबकडीवरून चालावी, ह्यासाठीं त्यानें सुमारें २ जीबीचा मजकूर दाबून एका सीडींत बसविला होता. आज बहुतेक यंत्रांना तबकडीची खांचच नसते, म्हणून तेंच काम पेनड्राइव्हवर होतें. ‘सिस्टिमरेस्क्यू’ ही खास दुरुस्तीसाठीं जुळविलेली प्रणाली त्यांपैकींच होय. ह्या प्रणाली विनामूल्य मिळतात. विंडोजचा स्वतःचा दुरुस्तीचा पेनड्राइव्हहि त्याच कंपनीकडून तयार करून घेतां येतो. जागा बदलली, तरी ‘डिस्क’ हें नांव मात्र टिकलें आहे.

त्या रात्रीं सूनबाईनें आपल्या संगणकावर सिस्टिमरेस्क्यूची फाइल उतरवून घेतली. ती वाटेंत बिघडलेली नाहीं, हें प्रसिद्ध केलेल्या पडताळणीच्या आंकड्यांशीं ताडून पाहिलें, आणि ‘रूफस’ नांवाच्या साधनानें ती पेनड्राइव्हवर लिहिली. येथें नवशिके हटकून चुकतात. ही फाइल नेहमींच्या रीतीनें नुसती पेनड्राइव्हवर टाकून भागत नाहीं. तिच्यांतील कप्पे उलगडून लिहावे लागतात, आणि तें काम अशा साधनाकडूनच करवावें लागतें. असें लिहितांना पेनड्राइव्हवर आधीं असलेलें सर्व पुसलें जातें, हेंहि ध्यानांत असावें.

नंतर पेनड्राइव्ह अण्णांच्या यंत्राला लावून, कळ दाबतांच एफ-१२ ची कळ तिनें पुन्हां पुन्हां दाबली. निरनिराळ्या यंत्रांत ही कळ निराळी असते. कोठें एफ-९, कोठें एस्केप. साधनांची यादी आली; पण यंत्रानें पेनड्राइव्ह नाकारला. ‘सिक्युअर बूट’ नांवाचा एक पहारेकरी नव्या यंत्रांत असतो. ओळखीची सही नसलेल्या प्रणालीला तो आंत घेत नाहीं. मूळ आज्ञावलीच्या पानावर जाऊन तिनें त्याला तात्पुरती रजा दिली, आणि थोड्याच वेळांत पडदा उजळला. तो आमच्या ओळखीचा नव्हता. परंतु दोन दिवसांच्या काळोखानंतर तोहि आम्हांस घरचा वाटला!

ह्यापुढें तिनें जें केलें त्यापेक्षां जें केलें नाहीं तें अधिक महत्त्वाचें आहे. तिनें दुरुस्तीला हात लावला नाहीं. आधीं हार्ड डिस्कची प्रकृति विचारली. आपल्या बिघाडांची नोंद डिस्क स्वतःच ठेवीत असते व ती वाचतां येते. ती नोंद निर्दोष होती. मग मोठा कप्पा तिनें ‘केवळ वाचनासाठीं’ म्हणून उघडला. म्हणजे आपल्या हातून चुकून एक अक्षरहि त्यावर लिहिलें जाऊं नये. पडद्यावर कप्प्यांतील नांवें उमटलीं, आणि त्यांत ‘कुलवृत्तांत’ हें नांव दिसलें. अण्णा खुर्चीच्या पाठीमागें उभे होते. ते म्हणाले, “आहे.” एवढेंच म्हणाले.

तेथें आणखीहि नांवें होतीं. त्या संगणकावर घरांतील पांच जणांचीं स्वतंत्र दालनें आहेत, व प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा आहे. परंतु परसदारानें शिरणाऱ्यास कोणी परवली विचारीत नाहीं. सगळींच दालनें उघडीं दिसत होतीं. सूनबाई थांबली. तिनें त्या पांचहि जणांना बोलावून विचारलें, “तुमचें काय काय बाहेर काढूं तें सांगा. सांगाल तेवढेंच घेईन, उघडून पाहणार नाहीं.” एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना ह्या प्रश्नाचें मोल निराळें सांगावयास नको. सुमारें ४० जीबीचा मजकूर दुसऱ्या एका बाहेरच्या डिस्कवर उतरण्यास पाऊण तास लागला. अण्णांच्या फायलींपैकीं दहापांच मात्र उघडून त्यांच्याकडून तपासून घेतल्या; कारण उतरवलेली प्रत वाचतां येते कीं नाहीं हें पाहिल्यावांचून प्रत झाली असें म्हणतां येत नाहीं.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशीं झाली. त्यासाठीं विंडोजचा स्वतःचा पेनड्राइव्ह वापरला, कारण कुलूप ज्याचें त्याचाच कारागीर बरा. त्यांतील आपोआप दुरुस्ती करणाऱ्या सोयीनें प्रथम हात टेकले. मग सूनबाईनें चेकडिस्क ही आज्ञा देऊन कप्प्यांची तपासणी करविली, व बीसीडीबूट ह्या आज्ञेनें राखीव कप्प्यांतील सुरुवातीच्या फायली नव्यानें लिहविल्या. यंत्र सुरू झालें. रजेवरच्या पहारेकऱ्यास पुन्हां कामावर घेतलें. दुकानदारानें सांगितलेल्या उपायानेंहि यंत्र सुरू झालें असतेंच. फक्त त्यांत त्या दोन वृद्ध स्त्रियांनीं सांगितलेलीं नांवें उरलीं नसतीं.

हा प्रकार घरगुती म्हणून कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजीं हाच प्रकार साऱ्या जगानें अनुभविला. क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीची संगणकांचें रक्षण करणारी आज्ञावली मोठमोठ्या कचेऱ्यांतून बसविलेली असते. तिनें त्या दिवशीं आपल्याकडील सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं एक नवी फाइल सर्वत्र धाडली. वाचणाऱ्या आज्ञावलीला २० रकाने भरून मिळत होते, आणि नव्या फायलींत २१ वा रकाना पाहण्याचा हुकूम होता! त्या नसलेल्या रकान्यांत डोकावतांच विंडोज कोसळे. पुन्हां सुरू होई, आणि पुन्हां कोसळे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानें असे ८५ लक्ष संगणक बंद पडले. विमानें अडकलीं, इस्पितळांचीं कामें खोळंबलीं. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले पास देण्यांत आले.

कंपनीनें चूक ७८ मिनिटांत मागें घेतली. पण जे संगणक आधींच कोसळले होते त्यांतील पुष्कळांना हें कळावें कसें? निरोप घेण्याइतका वेळहि ते जागे राहत नव्हते. तेव्हां माणसांनीं एकेका यंत्रापाशीं जाऊन, दुरुस्तीच्या प्रणालीनें आंत शिरून, ती एक फाइल काढून टाकली. मायक्रोसॉफ्टनें थोड्याच दिवसांत त्यासाठीं पेनड्राइव्हवरून चालणारें साधनहि दिलें. ह्या अनर्थांत आंतील मजकूर शाबूत होता, डिस्का धडधाकट होत्या. एका फायलीनें दार अडविलें होतें. जगांतील अत्यंत खर्चिक व्यवस्थेलाहि शेवटीं परसदाराची किल्लीच उपयोगी पडली.

आतां ह्या किल्लीच्या मर्यादा सांगितल्या नाहींत तर आम्ही वाचकांची दिशाभूल केली असें होईल. हार्ड डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत असेल तर तो तिच्या शरीराचा आजार आहे, दाराचा नव्हे. अशा वेळीं यंत्र ताबडतोब बंद करावें. प्रत्येक नवा प्रयत्न तिचें उरलेलें आयुष्य कमी करतो. मजकूर मोलाचा असेल तर तें काम जाणत्यावर सोंपवावें. डिस्क चालते, पण मधूनमधून अडखळते, असें असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ ह्या साधनानें तिची समग्र प्रत आधीं दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावे. चुकून पुसलेल्या फायली ‘फोटोरेक’सारख्या साधनानें कधीं कधीं परत मिळतात, परंतु नव्या पद्धतीच्या एसएसडी डिस्कवर पुसलेली जागा यंत्र स्वतःच लवकर झाडून टाकतें, म्हणून तेथें फार आशा धरूं नये.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जी किल्ली सूनबाईच्या हातीं होती ती चोराच्या हातींहि असूं शकते. सुरुवातीस विचारला जाणारा परवलीचा शब्द पुढच्या दाराचा आहे. परसदाराला तो नाहीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. म्हणून नव्या पुष्कळ संगणकांत डिस्कवरील सर्व मजकूर गूढ लिपींत ठेवण्याची सोय असते. विंडोजमध्यें तिला ‘बिटलॉकर’ म्हणतात. ती चांगली आहे. मात्र मग परसदारानें शिरतांना ४८ आंकडी किल्ली मागितली जाते. सिक्युअर बूटला रजा दिली तरीहि यंत्र ती विचारूं शकतें. ती नसेल तर चोराप्रमाणेंच मालकहि बाहेर राहतो. २०२४ च्या त्या गोंधळांत कित्येक कचेऱ्यांचा वेळ ह्या किल्ल्या शोधण्यांत गेला. आपल्या संगणकावर ही सोय चालू आहे कीं काय तें आजच पाहावें, आणि ते ४८ आंकडे कागदावर लिहून, विम्याचे व घराचे कागद जेथें असतात तेथें ठेवावे. त्याच संगणकांत लिहून ठेवूं नयेत, हें सांगावयास नकोच. पण तसें करणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत!

तिसरी गोष्ट वेळेची. विंडोजचा दुरुस्तीचा पेनड्राइव्ह करण्यास दुसरा चालू संगणक लागतो. सूनबाईपाशीं तो होता म्हणून निभावलें. ज्यांच्या घरीं एकच यंत्र आहे त्यांनीं तें धडधाकट असतांनाच हें काम उरकावें. एखाद्या रविवारच्या दुपारीं तासाभरांत तें होतें. १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह पुरे. तो एकदां लावून, संगणक त्यावर सुरू होतो कीं नाहीं, आपल्या यंत्राची कळ एफ-१२ आहे कीं दुसरी, हें पाहून कागदाच्या चिठ्ठीवर लिहावें, व चिठ्ठी पेनड्राइव्हलाच बांधावी. घरांतील निदान दोघांना तरी हें येत असावें. त्यांपैकीं एक जण सहसा गांवांतच असेल असा.

आणि सर्वांत शेवटची गोष्ट ही कीं, किल्ली म्हणजे दुसरी प्रत नव्हे. आग, पूर, चोरी ह्यांपुढें कोणतेंहि परसदार कामास येत नाहीं. अण्णांनीं हा धडा घेतला. कुलवृत्तांताची एक प्रत आतां घरीं वेगळ्या डिस्कवर असते, एक सांगलीस चुलत बंधूंकडे व एक नागपुरास पुतण्याकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ते तिन्ही ठिकाणीं नवी भर पाठवितात, आणि पोंचल्याचा निरोप येईपर्यंत जेवावयास बसत नाहींत. ज्या दोघींनीं आपल्या लेकीसुनांचीं नांवें आठवून आठवून सांगितलीं, त्यांच्या नांवापुढें अण्णांनीं माहिती दिल्याची तिथि घातली आहे. तो पेनड्राइव्ह चिठ्ठीसह देवघराच्या कोनाड्यांत, कोठीच्या किल्ल्यांच्या शेजारीं टांगलेला आहे.